डेमोवाले काका

हूड रिव्हर हे ऑरेगनमधलं नासपतीच्या बागांचं गाव, पोर्टलंडच्या पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर. उन्हाळ्यात कॅस्केड डोंगरांपलीकडचा कोरडा मुलूख तापतो, समुद्राकडची गार हवा तिकडे ओढली जाते आणि कोलंबिया नदीच्या घळईतून घुसते. वारा पूर्वेकडे धावतो, नदी पश्चिमेकडे वाहते. दोघांचं पटत नाही, त्यामुळे पाण्यावर लाटा उभ्या राहतात. त्या लाटांसाठी जगभरचे विंडसर्फर इथे येतात. आमचे काका येतात ते दुकानाचा डेमो असतो म्हणून.

डेमोचा बेत सोपा. नदीकाठच्या हिरवळीवर दुकान तंबू ठोकतं, कंपन्यांची माणसं व्हॅन भरून नवा माल आणतात, शिडं बांधून ओळीने मांडून ठेवतात. एका कागदावर सही करायची, लायसन्स गहाण ठेवायचं आणि हवं ते उचलून पाण्यात शिरायचं. अर्ध्या तासाने परत आणून द्यायचं. आवडलं तर विकत घ्यायचं. या शेवटच्या कलमाशी काकांचा कधी संबंध आलेला नाही.

काका मूळचे सदाशिव पेठेतले. पोहणं टिळक तलावात, नोकरी हिल्सबरोच्या चिपांच्या कारखान्यात. तंबूचे खांब उभे राहायच्या आत ते हजर असतात. मागे काकू, घडीची खुर्ची आणि चहाचा थर्मास. काकांच्या हातात ताणकाटा. दर भारतवारीला बॅग तेवीस किलोच्या आत आहे ना, हे बघायला घेतलेला हाच तो. त्याला ते प्रत्येक बोर्ड टांगतात, आकडा वाचतात, कंपनीच्या माणसाकडे नुसतं बघतात. छापील वजनापेक्षा तीनशे ग्रॅम जास्त निघाले की त्यांचा चेहरा उजळतो. मग कलिंगड पारखावं तशा टिचक्या मारत ते बोर्डभर कान लावून फिरतात. यात काही गैर नाही. आतला थर सुटला असेल तर आवाज खरोखरच बद्द येतो. पण कालच खोक्यातून निघालेल्या बोर्डाचा थर कशाला सुटेल?

शिडापाशी खरी मैफल. नवी शिडं खालच्या दोरीने इतकी ताणतात की वरची मागची कड लुळी पडून फडफडते.

"हे असं लोंबतंय का?" काका विचारतात.

कंपनीचा पोरगा उत्साहाने सांगतो, की अचानक झोत आला तर तो तिथून निसटावा, शीड हातातून हिसकलं जाऊ नये, म्हणून. काका शांतपणे ऐकून घेतात. त्यांना हे केव्हापासूनच ठाऊक असतं. परीक्षा पोराची चाललेली असते. पास झाला तर पुढचा प्रश्न डोलकाठीत कार्बन किती टक्के. तोही जमला तर काठीचा बाक कुठे पडतो. नापास झाला तर काका स्वतः शिकवतात, आणि त्याला वेळ जास्त लागतो.

मग पाणी. काकांचं वजन ब्याऐंशी किलो, आणि मागतात पंचाऐंशी लिटरचा बोर्ड, कारण "चपळ असतो." ओला सूट, हार्नेस, वर शीड-काठी-बूमचं ओझं. वारा जोरात असेपर्यंत बोर्ड पाण्यावर धावतो, तोवर लिटर कोण मोजतो! वारा पडला की काका पाण्यावर उभे न राहता पाण्यात उभे दिसतात. प्रवाह त्यांना सावकाश पश्चिमेला, हुक नावाच्या उथळ खाडीकडे नेतो. तिथे नवशिक्यांचे वर्ग चालतात. त्यांच्या मधून काका शीड डोक्यावर घेऊन, कोणाकडे न बघता बाहेर पडतात. वारा फार असला तर पूर्वेला वाहत जातात. निघाले त्याच जागी परत लागले, असं काकूंच्या पाहण्यात नाही. त्या दोन्ही दिशांना एकदा बघून घेतात आणि चहा ओततात.

"लिटर खोटे लिहिलेत," काका येऊन सांगतात आणि वहीत नोंद करतात. पूर्वीच्या नोंदी मी वाचल्यात. "वेगवान, पण मनमोकळा नाही." "वळणावर अहंकार दिसतो." बोर्ड पाण्याबाहेर उचलून धरणाऱ्या फॉइलबद्दल एकच ओळ: "पाण्याला न शिवता विंडसर्फिंग." 2024 च्या ऑलिम्पिकमध्ये फॉइल आलं तेव्हापासून ते दुखावलेले आहेत. तरी दर डेमोला फॉइल ते न चुकता मागून घेतात.

दुकानदार त्यांना हाकलत का नाही, असं नवख्यांना वाटतं. दुकानदार वेडा नाही. काका नावं ठेवायला लागले की भोवती माणसं जमतात. "हा बोर्ड तुमच्यासाठी नाही, याला पायांत अक्कल लागते," असं काकांनी एखाद्या धट्ट्याकट्ट्या गड्याला सांगितलं, की तो गडी संध्याकाळपर्यंत कार्ड काढतो. पगारी विक्रेत्यांना हे साधत नाही. म्हणून दुपारच्या बर्गरांत एक बिनमांसाचा काकांच्या नावाने भाजला जातो.

त्यांचं स्वतःचं शीड गाडीत असतं. खिडकीचा पारदर्शक भाग पिवळा पडलाय, त्यावर चिकटपट्ट्या, आणि पट्ट्यांवर पुन्हा पट्ट्या. एकदा एका मुलीने विचारलं, हे कोणत्या सालचं? काकांनी तिला 1984 च्या ऑलिम्पिकमध्ये विंडसर्फिंग पहिल्यांदा कसं आलं, तिथपासून सांगायला घेतलं. ती मुलगी पोहत निघून गेली.

हंगाम संपला की डेमोचा माल दुकान स्वस्तात काढतं. गेल्या शरदात चार पूर्णांक सातचं एक निळं शीड निघालं होतं. आख्ख्या उन्हाळ्यात काकांनी वहीत ज्याला नावं ठेवली नाहीत असं ते एकमेव. किंमत जवळपास अर्ध्यावर. दुकानदाराने आपणहून फोन केला. काकूंनी पर्ससुद्धा आणली. काकांनी शीड गवतावर पसरलं, शिवणी तपासल्या, खालच्या कडेला एक खरचटा सापडला त्यावर बोट ठेवलं आणि मान हलवली.

"नको. वापरलेला माल आहे. कोणा गाढवाने कसा वापरला असेल, देव जाणे."

"मी जाणते," काकू म्हणाल्या.