दोन पेन्सिलींचे सर

तुमच्याही आळीत एक असणारच. गोव्यात दहावीला फ्रेंच घेणारी पोरं आहेत तोवर शिकवण्या आहेत, आणि शिकवण्या आहेत तोवर आमचे सर. वास्कोच्या रस्त्यात गाठ पडली, आपण 'काय सर, बरं?' म्हटलं, की 'बरं'मधून यांनी नपुंसकलिंग बाहेर काढलंच!

हत्यारं दोन. निळी पेन्सिल कानाची, लाल अर्थाची. 'पार्लों' म्हणजे '(आम्ही) बोलतो'. निळी तोडते पार्–लों. लाल तोडते पार्ल्–ओं. पार्ल् धातू, ओं 'आम्ही'चा प्रत्यय. दोन रेघांत अंतर एका अक्षराचं, पण त्यात माझ्या मुलीची अख्खी मे महिन्याची सुट्टी बुडाली.

'ते बोलतात' लिहिताना शेवटी ई-एन-टी येतं, उच्चार मात्र नुसता 'पार्ल'. सर म्हणतात, 'लाल आहे, निळी नाही. लग्नपत्रिकेतल्या काकांसारखं. नाव छापलेलं, आवाज नाही.'

मासळीबाजारात इसवणाचे तुकडे पडताना हे सांगणार, 'ही निळी झाली. काटा सोडवलास तर लाल.' मासेवाली एकदा म्हणालीच, 'सर, नुस्तें व्हरता काय धडो दिता?'

स्टेशनावर मला पाटीखाली उभं केलं. 'वास्–को–द–गा–मा. निळे तुकडे पाच, लाल तीन. मधला द म्हणजे आपला चा.' पाचवा निळा तुकडा पडेपर्यंत माझी गोवा एक्स्प्रेस हलली होती.

परवा पावसात त्यांच्याच ओट्यावर अडकलो. मुलगा पोर्तुगीज पासपोर्टवर फ्रान्सला. चवथीला येतोस का विचारल्यावर बापाला खूश करायला फोनवर फ्रेंचमध्ये म्हणाला होता, 'रव्यांद्रे'. परत येईन. त्याला आता चार चवथी झाल्या.

काय बोलावं सुचेना. तोंडातून निघालं, 'सर, तोडा बघू.'

त्यांनी लालच उचलली. 'शेवटचा ए म्हणजे "माझ्यापाशी आहे". लॅटिनमधून उतरताना फ्रेंचांनी भविष्यकाळ असाच जोडून घेतला. परत येणं, अधिक, माझ्यापाशी आहे.'

पागोळ्यांकडे बघत थोडे थांबले.

'आपल्या वाण्याच्या वहीत असतं ना, तेच. येणे बाकी.'

आणि पेन्सिल खिशात ठेवली.