लाइन आली का?

‘लाइन आली का?’ हा प्रश्न खानदेशात कोणी विचारला, तर त्याचा अर्थ लावायला भाषातज्ज्ञ लागत नाही, फक्त वेळ आणि जागा ठाऊक असावी लागते. पहाटेच्या अंधारात चोपडा-यावलच्या शिवारात विचारला असेल, तर विषय वीज आहे आणि विचारणाऱ्याचा हात मोटारीच्या स्टार्टरवर आहे. दुपारी तहसील कचेरीजवळच्या सेवा केंद्रात विचारला असेल, तर विषय इंटरनेट आहे आणि विचारणाऱ्याच्या हातात सातबाऱ्यासाठी आणलेले सुटे पैसे आहेत. आणि धुळ्यात एखाद्या पांढऱ्या केसांच्या माणसाने कुठल्याही वेळी, कुठेही विचारला, तर विषय मनमाड-इंदूर रेल्वे आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘आत्ताच गेली’, दुसऱ्याचं ‘येते-जाते’, तिसऱ्याचं ‘मंजूर झाली’. अहिराणीत ‘लाइन उनी का?’ म्हटलं तरी उत्तरं बदलत नाहीत.

या एका शब्दाने आपल्याकडे किती संसार थाटले आहेत ते पाहण्यासारखं आहे. रेशन दुकानापुढे लाइन लागते. भररस्त्यात पाण्याची लाइन फुटते. पोलिसाचं कुटुंब लाइनीत राहतं. कॉलेजच्या कट्ट्यावरचा पोरगा लाइन मारतो आणि समोरून लाइन मिळत नाही, तेव्हा कविता करतो. जळगावच्या बाजारात पाहुण्याला ‘कोणत्या लाइनीत आहात?’ असं विचारतात, तेव्हा उत्तर सोनं, डाळ, केळी, चटई किंवा पाइप यांपैकी काहीतरी येईल अशी अपेक्षा असते. धाकटा मुलगा बापाच्या दुकानात बसू लागला की लाइनीला लागतो, मित्रांच्या संगतीने बिघडला की लाइन सोडतो, आणि लग्न ठरलं की आपोआप लाइनीवर येतो असा समज आहे. घराचा पाया खणण्याआधी लाइनआउट होतो. भुसावळकडच्या माणसाला वडील घरात नाहीत हे मित्राला सांगायचं असेल, तर तो ‘लाइन क्लिअर’ एवढंच म्हणतो. येणे, जाणे, लागणे, फुटणे, मारणे, सोडणे ही सगळी क्रियापदं मात्र आपल्याच घरची आहेत, आणि लाइन म्हणजे नेमकं काय हे ठरवण्याचं सगळं कष्टाचं काम तीच करतात. इंग्रजीने फक्त नाम पुरवलं.

भाषाशुद्धीवाल्यांना हे पटणार नाही. ओळ, रांग, रेघ, तार, वाट असे एकाहून एक नेमके शब्द असताना ही परकी बाई घरात कशाला, असं ते विचारतील. प्रश्न योग्य आहे, आणि तो धुळ्यात तर विचारलाच पाहिजे, कारण शब्दांच्या कुळांचा जन्मभर शोध घेणारे इतिहासाचार्य राजवाडे 1926 साली याच गावात गेले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथेच आहे. पण शुद्धीवाल्यांच्याच यादीकडे जरा पाहा. ओळ, रांग, रेघ, तार, वाट या पाचही शब्दांचं लिंग स्त्रीलिंग. लाइन इंग्रजीतून आली तेव्हा तिला लिंगच नव्हतं. मराठीने तिला या पाच जावांच्या घरात आणून स्त्रीलिंगी केलं, विभक्ती लावली, ‘लाइनीत’, ‘लाइनीला’ असं वळणही लावलं. भाषा हरली असती, तर तिने एवढा पाहुणचार केला नसता. शिवाय एका शब्दाचे अनेक अर्थ हा गुन्हा धरायचा, तर पहिला खटला आपल्या ‘लागणे’वर भरावा लागेल. भूक लागते, ऊन लागतं, दार लागतं, नोकरी लागते, वेड लागतं, निकाल लागतो आणि पारोळ्याहून धुळ्याकडे जाताना मुकटी लागतं. इंग्रजांकडेही यापेक्षा बरी परिस्थिती नाही. ऑक्सफर्डच्या कोशाच्या 1989 च्या आवृत्तीत ‘सेट’ या तीन अक्षरी शब्दाचे चारशेच्या वर अर्थ नोंदवावे लागले होते. तेव्हा अनेक अर्थ असणं हा रोग नाही. रोग दुसरीकडे आहे, आणि तो शोधण्यासाठी लाइन हा शब्द कोण कसा वापरतो हे पाहावं लागेल.

गवंड्यापासून सुरुवात करू. विटांचा थर सरळ यावा म्हणून तो दोन टोकांना जी सुतळी ताणून बांधतो तिला तो ‘लाइनदोरी’ म्हणतो. शिकलेला माणूस यावर हसतो. पण इंग्रजी ‘लाइन’चं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तिथे तिचा अर्थ जवसाच्या धाग्याची दोरी असा होतो. म्हणजे जगभरातल्या रेल्वे, टेलिफोन आणि फॅशनवाल्यांनी हा शब्द कुठल्या कुठे नेला असताना, धुळ्याच्या देवपुरात पायाडावर उभा असलेला गवंडी तो अजून मूळ अर्थाने वापरतो आहे, आणि खातरी म्हणून पुढे त्याचं मराठी भाषांतरही जोडतो आहे. कोशकाराने यापेक्षा जास्त काय करावं?

आता भुसावळला जाऊ. तिथे ‘लाइन’ एवढंच म्हणून भागत नाही. अप की डाऊन, मेन की लूप, हे सांगावं लागतं. पुढच्या स्टेशनाकडून ‘लाइन क्लिअर’ मिळाल्याखेरीज स्टेशनमास्तर गाडी सोडत नाही आणि ती मिळाल्याची नोंद होते. वायरमनचंही तसंच. ही अकरा केव्हीची की घरगुती पुरवठ्याची, कुठल्या फिडरवरची, हे ठरल्याशिवाय आणि बंद केल्याचं परमिट हातात पडल्याशिवाय शहाणा वायरमन खांबावर चढत नाही. ठिबकचा तर जळगाव जिल्ह्यात कारखानाही आहे आणि शाळाही. रावेरचा केळीवाला ‘लाइन’ म्हणून थांबत नाही. मेन, सबमेन, लॅटरल असं तिचं सगळं खानदान सांगतो, कारण व्हॉल्व्ह चुकला तर पाणी भलत्याच बागेला जातं. म्हणजे ज्याच्या कामात लाइन चुकल्याची शिक्षा तिथल्या तिथे मिळते, भिंत वाकते, गाडी गाडीवर जाते, माणूस खांबाला चिकटतो, बाग वाळते, त्याच्या तोंडी लाइनीला पूर्ण नाव, गाव आणि पत्ता असतो.

मग नुसती लाइन, बिननावाची, कोणाच्या तोंडी असते? जिथे चुकल्याची शिक्षा कोणालाच नाही तिथे. ‘लाइनचं काम चालू आहे’ हे वाक्य घ्या. महाराष्ट्रातल्या कुठल्याही कार्यालयाच्या कुठल्याही खिडकीतून हे बाहेर येऊ शकतं आणि कुठल्याही तक्रारीला चपखल बसतं. वीज का नाही, नळ का कोरडे, रस्ता का खणला, दाखला का मिळत नाही, गाडी का उशिरा, सगळ्यांना उत्तर एक. कोणती लाइन, कोणतं काम, कधी संपणार, यातलं काहीच त्यात नाही, आणि तरीही ते खोटं नाही, कारण कुठली ना कुठली लाइन कुठे ना कुठे चालू असतेच. आमच्या मते हे अलीकडच्या काळातलं सर्वांत यशस्वी मराठी वाक्य आहे. ‘रांगेचं काम चालू आहे’ म्हणून पाहा, लोक हसतील. ‘नळाचं काम चालू आहे’ म्हणा, लोक नळाजवळ येऊन उभे राहतील. ‘लाइनचं’ म्हटलं की माणूस मान डोलावून घरी जातो.

यातली कळसाची गोष्ट ‘ऑनलाइन’ ही आहे. लाइन संपावी म्हणून ही सोय आली. अर्ज घरबसल्या भरायचा, रांगेत उभं राहायचं नाही. प्रत्यक्षात ज्याला तो भरता येत नाही, किंवा ज्याच्या घरात सिग्नल येत नाही, तो केंद्रावर जातो, तिथे लाइनीत उभा राहतो, नंबर येतो तेव्हा ऑनलाइन बंद असतं कारण लाइन गेलेली असते, आणि लाइन आली की सर्व्हर नसतो. एका वाक्यात तीन लाइनी, आणि तिन्ही एकमेकींना अडवून उभ्या. कोणी म्हणेल, डिजिटल कारभाराने दलाल कमी झाले, कागद लवकर मिळू लागले. खरं आहे, बऱ्याच ठिकाणी मिळतात. पण ज्या दिवशी मिळत नाही त्या दिवशी पूर्वी कारकुनाचं नाव घेऊन भांडता येत होतं. आता भांडणाला तोंडच नाही, फक्त लाइन आहे.

रेल्वेचं तर काय सांगावं. चाळीसगावहून निघालेली लाइन शंभराहून अधिक वर्षांपूर्वी धुळ्याला पोचली आणि तिथेच दम खात बसली. ती पुढे नरडाण्याला जावी, मनमाडहून धुळ्यावरून इंदूर गाठता यावं, यासाठी आजोबांनी निवेदनं दिली, बापांनी दिली, नातवांनी दिली. फेब्रुवारी 2019 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते धुळ्यात धुळे-नरडाणा लाइनचं भूमिपूजन झालं, जळगाव-मनमाड तिसऱ्या लाइनचंही त्याच दिवशी. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 309 किलोमीटरची मनमाड-इंदूर लाइन 18,036 कोटी रुपयांच्या खर्चासह मंजूर केली. एका पिढीला एवढं पुरेसं आहे असं कोणी म्हणत असेल, तर तेही रास्तच. रेल्वे उभी राहायला जमीन लागते, पैसा लागतो, वेळ लागतो, सातपुडा बाजूला सरकत नाही. आमचं म्हणणं कामाच्या वेगाबद्दल नाही, शब्दाच्या वेगाबद्दल आहे. रूळ टाकण्याआधी लाइन सर्वेक्षणात येते, मग अंदाजपत्रकात येते, मग बातमीत येते, मग फलकावर येते, आणि प्रत्येक वेळी ‘लाइन आली’ हेच वाक्य छापता येतं. ‘रूळ आले’ असं मात्र एकदाच म्हणता येतं, कारण रुळावर उभं राहून ते तपासता येतात. म्हणूनच घोषणेत रूळ नसतात.

गंमत अशी की धुळं हे गाव मुळात रेघा मारूनच वसलं आहे. 1818 नंतर कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने जुन्या वस्तीशेजारी सरळ, समांतर रस्ते आखले. अस्सल इंग्रज माणसाने आखलेल्या अस्सल लाइनी त्या, पण धुळेकरांनी त्यांना लाइन म्हटलं नाही. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच असं नाव दिलं, नंबर दिला, आणि आज पोस्टमन डोळे मिटून तिथे पोचतो. ज्या गावाला एवढी साधी युक्ती दोनशे वर्षांपूर्वी सुचली, त्याच गावात आज ‘लाइनचं काम चालू आहे’ एवढ्यावर समाधान मानणारी माणसं राहतात, हे चमत्कारिक आहे.

तेव्हा वाचकहो, लाइन हा शब्द टाकू नका. लाइन मारा, लाइनीत उभे राहा, पोरांना लाइनीला लावा. फक्त पुढच्या वेळी खिडकीतून ‘लाइनचं काम चालू आहे’ असं ऐकू आलं, की तिथून हलू नका. गवंड्यासारखं विचारा: कोणती लाइन, कुठून कुठवर, आणि दोरीचं दुसरं टोक कोणाच्या हातात आहे?