ढगळ हवामान

फॅशन कधी जन्माला येते हे सांगणारे पुष्कळ आहेत. ती मरते कधी, हे मात्र माझ्याइतकं खात्रीने कुणी सांगू शकणार नाही. मी ती अंगात घालतो त्या दिवशी. बेलबॉटमच्या वेळी मी दुपट्यात होतो म्हणून तिला नैसर्गिक मरण आलं. पुढे कमरेशी चुण्या घातलेल्या बॅगी पँटी, सतत खाली घसरणारी लो-वेस्ट जीन्स, सहा खिशांची कार्गो आणि अगदी अलीकडे पायाला चिकटलेली स्किनी, या सगळ्यांच्या तोंडात शेवटचं गंगाजल मीच घातलं आहे. यात माझा हात नाही, फक्त पाय आहेत. पोट सुटलेला, पन्नाशीला टेकलेला, महिन्याच्या महिन्याला पासबुक भरून आणणारा माणूस एखादी पँट घालून रिक्षातून उतरला, की समोरच्या फुटपाथवरची विशीतली पोरं ती पँट त्याच संध्याकाळी सोडतात. कपडे करणाऱ्या कंपन्यांनी मला दरमहा काही रक्कम देऊन जुन्याच कपड्यांत राहायला सांगितलं, तर त्यांचा केवढा माल वाचेल! पण दूरदृष्टी आहे कुणाला?

आता स्किनीचंच घ्या. घट्ट पँट काही आजची नाही. १९५०च्या दशकात इंग्लंडमधले टेडी बॉय ती घालायचे, सत्तरच्या दशकात पंकवाल्यांनी ती घातली आणि फाडूनही घातली. आपल्याकडे साठच्या दशकातल्या हिंदी नायकांच्या पँटी आठवा. त्यांत पाय शिरला कसा आणि शिरल्यावर नायिकेमागे टेकडी चढण्याइतका तो वाकला कसा, हे मला अजून उलगडलेलं नाही. पण परवापरवापर्यंत ज्या घट्टपणाने जगाला ग्रासलं होतं, त्याचं खापर एकाच डोक्यावर फोडायचं, तर ते पॅरिसच्या एडी स्लिमानच्या. २००० साली तो ‘दिओर’च्या पुरुषी कपड्यांचा प्रमुख झाला आणि २००७पर्यंत त्याने पुरुषाच्या आकृतीतली सगळी हवा काढून टाकली. अरुंद खांदे, अरुंद कॉलर, अरुंद टाय, आणि त्याखाली दोन काटकुळे पाय. हे कपडे मिरवायला त्याने निवडली ती, ज्यांच्या बरगड्यांवर लहान मुलांना पाढे शिकवता येतील अशी पोरं.

आणि इथे पहिला काका मंचावर आला. कार्ल लागरफेल्ड. स्वतः ‘शनेल’चा कर्ताधर्ता, वय सदुसष्टीच्या घरात, अंगाने भरलेला. त्याला स्लिमानचे सूट घालायचे होते. दुसरा कुणी असता तर त्याने शिंप्याला बोलावून ‘जरा सैल कर बाबा’ म्हटलं असतं. याने १३ महिन्यांत ४२ किलो वजन उतरवलं आणि वर त्या आहारावर पुस्तकही काढलं. आमच्याकडे मधुमेहाच्या, हृदयाच्या, झालंच तर सासुरवाडीच्या धास्तीने वजन उतरवलेली माणसं मी पाहिली आहेत. पँटीसाठी ४२ किलो ही निष्ठा निराळीच. चार महिने काकडी खाऊन माझं जे दीड किलो उतरलं होतं, ते एका मुंजीत परत आलं.

आम्हा सामान्य काकांसाठी मग विज्ञान धावून आलं. खरं तर ते १९५८ सालीच धावत निघालं होतं. अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शायव्हर्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने एक धागा तयार केला. तो पाचपट ताणला तरी हात सोडताच मुकाट्याने मूळ जागी येई. बायकांची पोटं आवळणाऱ्या गर्डलमधल्या रबराच्या जागी काहीतरी हलकं हवं होतं, त्यासाठी हा खटाटोप. त्यालाच आपण लायक्रा म्हणतो. पुढे जीन्सच्या सुती कापडात शेकडा दोन-तीन या प्रमाणात तो मिसळायला लागले आणि जे लागरफेल्डने उपाशी राहून कमावलं, ते आम्हाला दोन टक्क्यांत मिळालं. बटण लागतंय म्हणजे पँट होते, एवढंच आमचं तर्कशास्त्र. लायक्राने कधी नाही म्हटलं नाही. त्याने नाही म्हणायला हवं होतं, असं आता जुने फोटो बघताना वाटतं. पण तो बिचारा मुळात पोटं सांभाळायलाच जन्माला आलेला.

माझ्या मते स्किनीचा घात इथे झाला. जोवर ती हाडकुळ्या पोरांची होती तोवर तिचा रुबाब होता. लायक्राने दार उघडलं आणि आम्ही आत शिरलो. आधी आयटीवाले, मग त्यांचे मॅनेजर, मग बँका, विमा कंपन्या, कोचिंग क्लासचे सर. चौकाचौकांतल्या फ्लेक्सवर झळकणारे भावी नगरसेवकही आले. कडक पांढरा शर्ट, पायाला चिकटलेली पांढरी पँट, डोळ्यांवर गॉगल आणि पिंढऱ्यांवर एवढा ताण, की जनतेची कामं करायला वाकणार कसे, हा प्रश्न मतदाराला पडावा. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी, म्हणजे निवृत्त होऊन नातवंडं खेळवणाऱ्या माणसाने, जेव्हा घोट्याशी आवळलेली जीन्स घालून वार्षिक सभेत पाण्याच्या टँकरचा हिशेब वाचला, तेव्हा माझ्या चिरंजिवांनी आपल्या सगळ्या स्किनी पँटी एका पिशवीत भरून आजीकडे नेऊन दिल्या.

आजी हे आमच्या घरातलं कापडाचं शेवटचं न्यायालय. तिच्या लेखी पँट ही भविष्यात होणारी पिशवी असते. माझ्या वडिलांच्या बेलबॉटमच्या एका पायातून भाजीची एक पिशवी निघाली, वर बंदांनाही कापड उरलं. माझ्या कॉलेजातल्या बॅगी पँटींचं तर तिने सोनं केलं. त्यांतून पिशव्या झाल्या, उशांचे अभ्रे झाले, मिक्सरला टोपडं झालं, आणि उरलेल्या चिंध्या गोधडीत गेल्या. नातवाच्या स्किनीचा पाय तिने हातात धरला, उलटासुलटा केला, आत मनगट घालून पाहिलं आणि विचारलं, ‘‘अरे, यातून काय शिवू? पडवळाला झबलं?’’ पॅरिसच्या एकाही समीक्षकाने इतक्या कमी शब्दांत त्या दशकाचा निकाल लावला नसेल.

बसण्याचा प्रश्न तर वेगळाच. स्किनी ही खुर्चीवरच्या माणसांची पँट. जिथे पूजेला मांडी घालावी लागते, पंगतीत उकिडवं बसून वाढावं लागतं, माळ्यावरच्या डब्यांसाठी स्टुलावर चढावं लागतं, तिथे ती चालायची नाही. २०१५ साली ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये घर हलवताना कपाटं रिकामी करायला एक बाई स्किनी जीन्स घालून तासन्‌तास उकिडवी बसली. पाय सुजले, बधिर झाले, चालता चालता ती कोसळली आणि रुग्णालयात ती जीन्स अंगावरच कापून काढावी लागली. डॉक्टरांनी हे प्रकरण रीतसर वैद्यकीय नियतकालिकात छापलं. एका घरबदलात ही गत. आपल्याकडची दिवाळीची साफसफाई त्या पँटीत कुणी केली असती, तर नियतकालिकाला विशेषांक काढावा लागला असता. मी स्वतः त्या काळात सत्यनारायणाला गेलो की प्रसाद उभ्यानेच घ्यायचो. यजमानांना वाटायचं, घाईत आहे.

मग २०२० साल उजाडलं आणि सगळं जग कमरेखाली लेंग्यात गेलं. मीटिंगला वर इस्त्रीचा शर्ट, खाली नाडी. नाडीची चव एकदा लागली की बटणाकडे परत कोण जातो? बाहेर पडायची वेळ आली तेव्हा तरुणांनी नाडीचंच मोठं रूप बाहेर काढलं. बॅगी, वाइड लेग, पॅरलल, आणि फर्ग्युसन रस्त्यावरचे विक्रेते जिला नुसतंच ‘कोरियन’ म्हणतात ती. वर खांदा कोपराकडे उतरलेला ओव्हरसाइज टी-शर्ट. पूर्वी धाकट्या भावाला थोरल्याचे कपडे घातले की हाच आकार व्हायचा आणि तो रडायचा. आता त्याचे पैसे पडतात.

चिरंजिवांचं म्हणणं, हा बंडाचा पोशाख आहे. मी म्हटलं, बंड करायचं तर १९४३चं लॉस एंजेलिस बघ. युद्ध चालू, लोकरीची टंचाई, सूटात किती कापड वापरायचं यावर अमेरिकी सरकारची बंधनं; आणि तिथली मेक्सिकन वंशाची पोरं गुडघ्यापर्यंत कोट आणि मांडीशी फुगलेल्या विजारी असले झूट सूट घालून हिंडायची. कापडाची ही उधळण देशद्रोह ठरवून नौसैनिकांनी त्यांना रस्त्यात गाठून मारलं, अंगावरचे सूट ओरबाडून काढले. जून महिन्यात कित्येक दिवस हे चाललं होतं. कपडा ढगळ आहे म्हणून मार खाल्लेली माणसं आहेत ती. चिरंजीव थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, ‘‘बाबा, तुम्ही मला पँट घेऊन देताय की नाही?’’

दिली घेऊन. आणि त्याच्या अंगावर ती चांगली दिसते, हे मान्य करायला हवं. गोम इथेच आहे. विशीतल्या पोराने ढगळ घातलं की आत कुठेतरी एक सडपातळ देह आहे आणि तो मुद्दाम झाकलाय, असं बघणाऱ्याला वाटतं. आमच्या वयाच्या माणसाने तेच घातलं की बघणाऱ्याच्या मनात पहिला शब्द येतो तो ‘शुगर’. मी चिरंजिवाची पँट घालून एका लग्नाला गेलो. मावशीने हात हातात घेतले. ‘‘किती उतरलास रे! तपासून घेतलंस ना?’’ मामांनी बाजूला नेऊन मेथीचे दाणे रात्री भिजत घालायला सांगितले. एका दूरच्या मेव्हण्यांनी आपल्या डॉक्टरांचं कार्डच खिशात सरकवलं, आणि तो खिसा इतका खोल निघाला की कार्ड अजून सापडलेलं नाही. जेवताना माझ्या ताटातली जिलबी एका काकूंनी न विचारता उचलली. मी जिवंत असताना माझ्याविषयी भूतकाळात बोलणं त्या दिवशी प्रथमच ऐकलं.

ओव्हरसाइज शर्टाचीही तीच तऱ्हा. १९७५च्या ‘दीवार’मधला अमिताभचा तो पोटाशी गाठ मारलेला निळा शर्ट मुळात चुकून फार लांब शिवला गेला होता, म्हणून त्याने गाठ मारली. हे खुद्द त्यानेच सांगितलं आहे. शिंप्याची चूक आणि बच्चनची उंची यांतून एक पिढीभराची फॅशन निघाली. मी घरी आरशासमोर तशी गाठ मारून पाहिली. ओटीचा नारळ बांधून ठेवल्यासारखं दिसत होतं.

यावर मधला मार्ग म्हणून मी माझ्याच दोन स्किनी घेऊन गल्लीतल्या ऑल्टरवाल्याकडे गेलो. या माणसाने दहा वर्षांपूर्वी अख्ख्या पेठेच्या ढगळ पँटी बारीक करून स्कूटर घेतली होती. आता उलटा ओघ सुरू झालाय म्हणून तो खुशीत असेल असं मला वाटलं. त्याने पँट आतून उलटली, शिवण नखाने खरवडली आणि मान हलवली.

‘‘काका, बारीक कितीही करून देईन. मोठी कशी करू? रेडीमेडमध्ये माया ठेवतच नाहीत.’’

‘‘पट्टी लावून?’’

‘‘बँडवाले दिसाल.’’

तेव्हा दुकानात जाणं भाग पडलं. वातानुकूलित, काचेचं, लक्ष्मी रस्त्यावर गिऱ्हाईकाला बसवून चहा पाजायचे तसली सोय नसलेलं. विक्रेत्या मुलाने माझ्याकडे एकदा खालपासून वर पाहिलं आणि न विचारता एक गठ्ठा समोर टाकला. मांडीला सैल, पोटरीला सैल, कमरेला इलॅस्टिक, आणि ते इलॅस्टिक कुणाला दिसू नये म्हणून पुढे खोटं बटण. मी घालून पाहिली. मांडी घातली. उकिडवा बसलो. उठलो. काहीही उसवलं नाही, काहीही कण्हलं नाही, मीसुद्धा.

‘‘रिलॅक्स्ड फिट आहे, काका,’’ मुलगा म्हणाला. ‘‘आता हेच चालतंय. सगळे काकालोक हेच नेतात.’’

म्हणजे हिचेही दिवस भरले. मी बाहेर पाहिलं. समोरच्या बसस्टॉपवर बॅगीतली तीन पोरं उभी होती, हसत होती, त्यांना अजून कशाची कल्पना नव्हती. एकावर एक फुकट होती. मी चार घेतल्या.