निव्वळ बंद पाडणारं बटण

महागातली इलेक्ट्रिक गिटार घ्यावी, पिकअपवर तारेचे वेढे किती असावेत यावर मित्रांशी रात्र रात्र वाद घालावा, अ‍ॅम्प्लिफायरसाठी पगारातून पैसे बाजूला टाकावेत आणि एवढं करून मिळालेला आवाज तोडण्यासाठी आणखी एक बटण शोधत मुंबईचा लॅमिंग्टन रोड पालथा घालावा. या वेडाबद्दल मला मनापासून आदर आहे. असं बटण म्हणजे किलस्विच, आणि तो बसवणारा माणूस शांततेकडूनही नादाइतक्याच दर्जाची अपेक्षा ठेवतो.

व्यवहारी लोक व्हॉल्यूमच्या नॉबकडे बोट दाखवतात. नॉब शून्यावर नेता येतो, पण लयीत परत आणता येत नाही. मिनिटाला 120 ठोक्यांच्या लयीत प्रत्येक ठोक्याचे चार भाग केले, तर सेकंदाला आठ वेळा सूर तोडून पुन्हा जोडावा लागतो. ते काम बोटाखालच्या बटणाचंच. पीट टाउनशेंडनं 1965 मध्ये ‘द हू’च्या ‘एनीवे, एनीहाऊ, एनीव्हेअर’मध्ये पिकअप निवडायचा स्विच खटाखट हलवून सुराचे तुकडे पाडले. ‘रेज अगेन्स्ट द मशीन’चा टॉम मोरेलो एका पिकअपचा व्हॉल्यूम शून्यावर ठेवतो आणि त्याच स्विचवर बोलता बोलता अडखळावं तसा सूर काढतो. गिटारवादक बकेटहेडनं त्यासाठी थेट व्हिडिओ गेमच्या आर्केड यंत्रावरची लाल बटणं आपल्या लेस पॉल गिटारवर बसवली. तंत्र एकच, पण पिकअप निवडायचा स्विच या माराकरता बनवलेला नसतो आणि आर्केडचं बटण त्याकरताच जन्माला आलेलं असतं. पोरांच्या मुठी सोसणारा सुटा भाग गिटारवर आणण्याची बुद्धी मला अस्सल वाटते.

टिकाऊपणाचा हिशेब मांडूनच पाहावा. वरच्या वेगानं रोज दहा मिनिटं रियाज केला तर 4,800 दाब होतात, वर्षाला साडेसतरा लाख. एक लाख दाबांचं आयुष्य सांगितलेलं छोटं बटण तीन आठवड्यांत आपला करार पूर्ण करतं. म्हणून पाच-दहा रुपयांचं प्लास्टिकचं ‘पुश टू ऑन’ प्रयोगापुरतं ठीक. मैफलीत त्याच्यावर भरवसा ठेवू नये.

पण दाबांपेक्षाही महत्त्वाची गोष्ट बटणाच्या पोटात असते आणि तिच्याकडे फार कमी लोक पाहतात. दुकानदार मोठ्या अभिमानानं 250 व्होल्ट, 3 अँपिअरचा स्विच पुढे करतो. दणकट दिसतो, गिटारसाठी मात्र तोच चुकीचा निघू शकतो. अशा स्विचचे संपर्कबिंदू बहुधा चांदीचे असतात आणि देव्हाऱ्यातली चांदी काळी पडते तशीच हीही हवेतल्या गंधकानं काळी पडते. मोठा प्रवाह जोडता-तोडता उडणारी ठिणगी तो थर जाळून टाकते. गिटारचा सिग्नल काही मिलिव्होल्टांपासून फार तर व्होल्टभराचा, प्रवाह मायक्रोअँपिअरमधला. त्याच्या अंगात ती धमक नाही. मग बटण दाबूनही कधी सूर तुटतो, कधी तुटत नाही. उपाय सोन्याचा मुलामा दिलेल्या संपर्काचा. माहितीपत्रकावर ‘0.4 व्हीए, 28 व्होल्ट’ असा किरकोळ वाटणारा आकडा दिसला की खुशाल आनंद मानावा. तो बहुधा सोन्याच्या संपर्काचा असतो. शांततेसाठी सोनं शोधणाऱ्याला जग खुळा म्हणेल, पण त्याचं बटण पाच वर्षांनीही पहिल्याच दाबाला ऐकेल.

जोडणी सोपी आहे. बटण दाबून धरलं असेपर्यंतच चालू राहणारं आणि एरवी उघडं असणारं हवं. त्याचं एक टोक आउटपुट जॅकच्या सिग्नलच्या टोकाला, दुसरं ग्राउंडला. दाबलं की सिग्नल ग्राउंडला जातो आणि अ‍ॅम्प्लिफायर गप्प होतो. सिग्नलची तार मध्येच तोडणारी जोडणी करू नये. केबलचं टोक लोंबकळत राहतं आणि शांततेऐवजी गुणगुण ऐकू येते.

उरतं ते भोक. स्ट्रॅटोकास्टरला दोन टोन नॉब असतात. त्यातला एक काढून त्याच जागी लहान बटण बसवावं, म्हणजे लाकडाला हात लागत नाही. आर्केडच्या बटणाला मात्र 24 किंवा 30 मिलिमीटरचं भोक लागतं आणि लेस पॉलच्या मेपलवर एवढा ड्रिल धरताना हात थरथरतो. थरथरू द्यावा. फक्त आधी मागचं झाकण उघडून पोकळीची खोली मोजावी, बटणाखाली तार वळायला आणि डाख द्यायला जागा उरते का ते पाहावं, खुणेभोवती चिकटपट्टी लावावी आणि मग ड्रिल चालवावा.