भाऊंचा अटेम्प्ट

पुण्याच्या नव्या पेठेत संध्याकाळी कुठल्याही चहाच्या टपरीवर उभे राहा, भाऊ सापडतातच. पायात फ्लोटर, पाठीवर रंग उडालेली सॅक, कपाळ दरवर्षी थोडं वर सरकत चाललेलं आणि भोवती स्पर्धा परीक्षेच्या पोरांचं कोंडाळं. कधी ते परभणीचे असतात, कधी जतचे; जिल्हा बदलतो, भाऊ बदलत नाहीत. राज्यसेवेच्या मुलाखतीपर्यंत एकदाच पोचलेले. ती मुलाखत हेच त्यांचं भांडवल. पॅनेलने पहिला प्रश्न काय विचारला हे सांगताना ते अजूनही शर्टाचं वरचं बटण लावून घेतात.

आसपास मोठमोठे क्लास आहेत. तिथे टॉपरांचे फ्लेक्स, एसी हॉल आणि माइकवरून प्रेरणा. भाऊंची फी एक कटिंग. पण फ्लेक्सवाल्यांना जे जमत नाही ते भाऊंना जमतं. ते एकेका पोराचा पेपर बघतात.

पोरगं सराव चाचणीचा कागद पुढे करतं. भाऊ ग्लास खाली ठेवतात, पोराच्याच खिशातलं पेन काढतात आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे एक अक्षर लिहितात. 'अ' म्हणजे अज्ञान, 'घ' म्हणजे घाई, 'त' म्हणजे तुक्का.

"१०० पैकी ७२ सोडवले. ४० बरोबर, म्हणजे ८०. ३२ चूक, प्रत्येकी अर्धा गेला, म्हणजे १६. राहिले ६४. चौसष्ट कला आल्या रे बाळा, पोस्ट नाही येत!"

मग ते 'त' मोजतात. १५ भरतात. "नवीन काहीच वाचू नको. नुसता हात आवर. साडेसात मार्क इथंच पडलेत."

"आणि भाऊ, जे तुक्के बरोबर आले ते?"

"ते घरी सांगू नको."

नवी पुस्तकं विकत घेणाऱ्यावर ते भयंकर चिडतात. एका विषयाला एकच पुस्तक, तेच चार वेळा, हा त्यांचा दंडक. अभ्यासिकेत बारा तास बसलो म्हणणाऱ्याला "बसलास किती ते कळलं, वाचलंस किती?" असं विचारतात. पोराचा बाप गावाहून फोन करतो, तेव्हा "काका, आठ दिवस त्याला घरी न्या, आईच्या हातचं खाऊ द्या," हे सांगणारेही भाऊच. कुणाला थांबवायचं हेही त्यांना नेमकं कळतं. "तुला तहसीलदार व्हायचंय, की गावात तहसीलदाराची गाडी न्यायचीय?" पोरगं गप्प झालं की भाऊ त्याला बँकेचा फॉर्म भरायला लावतात. अशी बरीच पोरं आज कॅशच्या काउंटरवर सुखात आहेत.

प्लॅन बी प्रत्येकाकडे हवाच, असं भाऊ ठणकावून सांगतात. त्यांचा स्वतःचा प्लॅन बी विचारला की ते चहावाल्याला साखर कमी करायला सांगतात.

२०२३ मध्ये राज्यसेवा मुख्य परीक्षेची वर्णनात्मक पद्धत लगेच नको म्हणून पुण्यात पोरं रस्त्यावर उतरली, तेव्हा घोषणा देताना भाऊंचा घसा बसला होता. लोकसेवा आयोगाने नवी पद्धत २०२५ वर ढकलली. भाऊंना दोन वर्षं मिळाली. ती त्यांनी नवी पद्धत किती अवघड असणार आहे हे इतरांना समजावण्यात घालवली. लेखी १७५० मार्कांचं, मुलाखत २७५ ची, कुठल्या पेपरला किती वेळ द्यायचा, सगळं तोंडपाठ. उत्तर लिहून बघितलं का, असं त्यांना कोण विचारणार? कोच ते, खेळाडू आपण. खुल्या गटाची वयोमर्यादा ३८, हेही तेच पोरांना बजावतात आणि बजावताना आवाज उगाच मोठा करतात.

परवा त्यांचाच एक चेला राज्यकर निरीक्षक होऊन पेढे घेऊन आला. भर टपरीवर वाकून पाया पडला. "तुमच्यामुळं झालं भाऊ." कोंडाळ्याने टाळ्या वाजवल्या, चहावाल्यानेही एक पेढा उचलला. भाऊंनी त्याच्या पाठीवर थाप मारली, कोपराला धरून जरा बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "नोट्स कुठायत रे तुझ्या? रद्दीत नाही ना घातल्यास?"