अरे, बुरे, बोके

माझ्या बारशाचे फोटो मामांनी काढले होते. 36 फोटोंचा रोल, त्यातले नऊ बरे निघाले, आणि त्या नऊंपैकी एकातही मी नाही. एकात आत्याचं कोपर आहे. एकात पाळण्याची दोरी आणि तिच्यामागे पांढरा धूर. तो धूर म्हणजे आजी. बाकीचे सात बहुधा छताचे असावेत, कारण त्यात पंखा ओळखू येतो. त्यानंतर घरच्या कुठल्याही कार्यात मामांच्या हाती कॅमेरा द्यायचा नाही असा अलिखित ठराव झाला आणि तो 30 वर्षं कसोशीने पाळला गेला. मुंज असो, लग्न असो, मामांकडे अक्षता वाटायचं काम. त्यात हललं तरी बिघडत नाही.

पुढे मामा निवृत्त झाले. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आणि घराजवळ चालण्याजोगी जागा निघाली ती सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे बाग. ही बाग जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेवरून बेतलेली आहे. सात दिवस मामांनी मुकाट चकरा मारल्या. आठव्या दिवशी पुलावर थांबले, पाण्याकडे बघितलं आणि घरी येऊन मामींना म्हणाले, "आपल्या दिवाणखान्यात 'मा' नाहीये."

"कोणाची मा?"

"मा म्हणजे दोन वस्तूंमधली मोकळी जागा. जपानी कलेचा प्राण."

"होती ती," मामी म्हणाल्या. "तुमच्या पुस्तकांनी खाल्ली."

त्या पुस्तकांनाही जपानी शब्द निघाला: त्सुन्दोकु. पुस्तकं आणायची, रचायची आणि वाचायची नाहीत. तेव्हापासून मामांची भरभराट सुरू झाली. आयुष्यभर ज्या ज्या गोष्टींबद्दल त्यांनी बोलणी खाल्ली, त्या प्रत्येकीसाठी जपानमध्ये एक गोड नाव तयार होतं. भिंतीचा पोपडा निघाला, रंगारी बोलवायचा नाही: वाबी-साबी. मामींचा ठेवणीतला कप फुटला: किंत्सुगी. खरी किंत्सुगी झाडाच्या चिकाच्या लाखेने सांधतात, वर सोन्याची पूड लावतात आणि त्याला कित्येक आठवडे लागतात. मामांनी फेविक्विक आणि गणपतीच्या मुकुटाचा उरलेला सोनेरी रंग वापरला. त्या कपातून आता फक्त पाहुण्यांना चहा मिळतो, आणि पाहुणे कमी झाले आहेत.

पण खरा साक्षात्कार व्हायचा होता. तो झाला दाइदो मोरियामा या छायाचित्रकारामुळे. 1938 साली ओसाका प्रांतात जन्मलेला हा माणूस हातात मावेल एवढा साधा कॅमेरा घेऊन शिंजुकूच्या गल्ल्यांतून हिंडतो आणि पुष्कळदा डोळ्याला न लावताच बटण दाबतो. 1968-69 मध्ये 'प्रोवोक' नावाच्या मासिकाचे जेमतेम तीन अंक निघाले, त्यातल्या दुसऱ्यापासून तो त्या मासिकाच्या मंडळींत होता. (तीन अंकांत बंद पडलेलं मासिक म्हटलं की मराठी माणसाला उगीचच घरच्यासारखं वाटतं.) या मंडळींच्या फोटोंचं वर्णन तीन शब्दांत करतात: अरे, बुरे, बोके. अरे म्हणजे खरबरीत, बुरे म्हणजे हललेला, बोके म्हणजे फोकस गेलेला.

मामांनी अल्बम काढला. आत्याचं कोपर बघितलं, धूर झालेली आजी बघितली. डोळ्यांत पाणी आलं म्हणे. 30 वर्षं ज्याला घराने दोष म्हटलं, तो एक संप्रदाय होता.

"अरे, बुरे, बोके," ते मामींना म्हणाले.

"परत आले का?" मामी म्हणाल्या आणि दूध झाकायला धावल्या.

'बोके' या शब्दाचा जपानीत आणखी एक अर्थ आहे. वयामुळे भ्रमिष्ट झालेल्या माणसालाही तोच शब्द लावतात. मी नऊ वर्षं तोक्योत राहते, मला ते ठाऊक आहे. मामांना मी सांगितलेलं नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये ती दोघं माझ्याकडे निशी-कासाईला आली. या भागात आपली माणसं इतकी की कोथिंबिरीसाठी जीव टाकावा लागत नाही. मामी म्हणूनच तयार झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता मामा काळा शर्ट घालून दारात उभे. मला वाटलं कोणी गेलं. पण स्ट्रीट फोटोग्राफी करायची तर काळे कपडे हवेत, माणूस दिसता कामा नये. काळ्या शर्टावर त्यांनी पांढरी, कानाला बांधायची टोपी घातली होती, उन्हासाठी.

शोध होता भटक्या कुत्र्याचा. मोरियामाचा सगळ्यांत गाजलेला फोटो 1971 मधला, उत्तरेकडच्या मिसावा गावातला: एक भटकं कुत्रं मान वळवून बघतंय, असं की आपणच काहीतरी चोरलं असावं. मामांना तसं कुत्रं हवं होतं. आम्ही शिंजुकू पालथं घातलं, गोल्डन गाय नावाच्या बोळांत शिरलो, जिथे सहा माणसं बसली की दारूचा गुत्ता भरतो, रेल्वेच्या पुलाखालून गेलो. कुत्री दिसली ती सगळी बाबागाडीत. एकाला रेनकोट होता. तोक्योत भटकं कुत्रं सापडणं म्हणजे लक्ष्मी रोडवर पार्किंग सापडण्यासारखं आहे. चौथ्या दिवशी संध्याकाळी मामी जिन्यावर बसल्या, बूट काढले आणि म्हणाल्या, "अहो, आपल्या गल्लीत अकरा आहेत. रात्री दीड वाजता सगळी मान वळवून बघतात. तेव्हा तुम्ही त्यांना दगड मारता."

"त्यांच्यात ते एकटेपण नाही गं."

"नसेल. अकरा आहेत ना."

या प्रवासात मामींनी एकूण किती पावलं टाकली ते माझ्या फोनने मोजलं होतं, पण तो आकडा मी त्यांना दाखवला नाही.

फोनवरून आठवलं. एकदा कॅमेऱ्याची बॅटरी संपली म्हणून मामांनी मेट्रोत माझा फोन घेतला. समोर एक आजोबा छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकवून झोपले होते. दृश्य खरोखर सुंदर होतं. जपानमध्ये विकलेल्या फोनचा फोटो काढतानाचा आवाज सहसा बंद करता येत नाही. तसा कायदा नाही. बायकांचे चोरून फोटो काढणाऱ्यांना आळा बसावा म्हणून कंपन्यांनीच ती रीत पाडली. आणि जपानी मेट्रोत शांतता इतकी असते की शेजाऱ्याच्या पोटातलं ऐकू येतं. त्या शांततेत माझा फोन म्हणाला, खचाक! अख्ख्या डब्याने माझ्याकडे बघितलं. मामांकडे नाही, मामा तोवर खिडकीबाहेरची 'मा' बघत होते. आजोबा जागे झाले आणि मला सवय असल्यामुळे मीच वाकून माफी मागितली.

पण मामांचा खरा घात कॅमेऱ्यानेच केला. शिंजुकूत जुन्या कॅमेऱ्यांची दुकानं आहेत. तिथून त्यांनी मोरियामाच्या हातात असतो त्याच घराण्यातला, चपट्या काळ्या साबणवडीसारखा कॅमेरा घेतला. पैसे देताना हात थरथरला. रात्री फोटो बघायला बसलो आणि मामांचा चेहरा उतरत गेला. सगळे फोटो स्पष्ट! दुकानाच्या पाट्या वाचता येत होत्या. माणसांना डोकी होती, डोक्यांखाली माणसं होती. नव्या कॅमेऱ्यांत हात हलला तरी चित्र हलू नये अशी सोय असते, हे मोरियामाच्या भक्ताला कोणी सांगितलं नव्हतं. जन्माची कमाई एका चिपने पुसली.

"छान आलेत की," मामी म्हणाल्या. मामा जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराकडून ती सोय बंद कशी करायची ते मी विचारून घेतलं. त्याने तीनदा खात्री करून घेतली. तिसऱ्यांदा विचारताना त्याच्या चेहऱ्यावर जी काळजी होती, तीच मी बारशाच्या अल्बमपाशी आईच्या चेहऱ्यावर बघितली आहे.

रस्ता रुसल्यावर मामा भुतांकडे वळले. या बाबतीत मी त्यांच्या बाजूची आहे. जपान्यांनी भुतांची जितक्या निगुतीने चित्रं काढली, तितक्या निगुतीने क्वचितच कोणी काढली असतील. तोरियामा सेकिएन याने 1776 साली चित्रांचा पहिला संच छापला तेव्हा एकेका भुताला एकेक पान दिलं, नावासकट, शाळेच्या पटासारखं. आपल्याकडे वेताळाची स्वारी मध्यरात्री निघते. तशी त्यांच्याकडे शंभर भुतांची मिरवणूक निघते. फरक एवढाच, की आपल्या स्वारीचं चित्र काढायला कोणी थांबला नाही, पळाला. पाण्यात ओढून नेणारा आपला गिऱ्हा घ्या. तोही कसा दिसतो हे कोणी धड सांगू शकत नाही. त्यांच्या कप्पाचं मात्र सगळं ठरलेलं: पाठीवर कवच, डोक्यावर पाण्याची खळगी, आवड काकडीची, आणि तुम्ही वाकून नमस्कार केलात की तोही वाकतो, खळगीतलं पाणी सांडतं आणि शक्ती जाते. सौजन्यापायी मरणारं भूत जपानातच निघू शकतं.

"कप्पा? कपाटाचा?" मामींनी विचारलं. पण त्यांना खरा आवडला तो 'आकानामे'. हा रात्री येतो आणि न घासलेल्या न्हाणीघरातला मळ लांब जिभेने चाटतो. मामांनी सेकिएनच्या रेषेची वळणं समजावून सांगितली. मामींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "महिन्याचे किती घेतो?"

शंभर वर्षं वापरलेल्या वस्तूत जीव येतो, अशीही एक समजूत आहे. वर्षाखेरीच्या साफसफाईत फेकून दिलेली भांडी-छत्र्या चिडून माणसांवर उठतात, याची जुनी चित्रगुंडाळी आहे. एका पायाची, एका डोळ्याची छत्री त्याच गोतातली. मामांनी या आधारावर माळ्यावरचा व्हीसीआर वाचवला आहे. "टाकलास तर रागावेल."

"आपण खंडेनवमीला सगळ्यांना हळदकुंकू वाहतो," मामी म्हणाल्या, "म्हणून आपल्या वस्तू गप्प आहेत. रागावायचं तर मिक्सरने रागवावं. 22 वर्षं तो नुसता किंचाळतोय."

मामांची चित्रकला मी वगळतेय असं वाटेल, म्हणून एवढंच. 1846 मध्ये हिगो प्रांताच्या समुद्रातून आमाबिए नावाचा, चोच आणि लांब केस असलेला जीव वर आला आणि रोगाची साथ आली तर माझं चित्र काढून लोकांना दाखवा असं सांगून गेला, असं त्या काळच्या एका छापील पत्रकात आहे. 2020 मध्ये जपानभर लोकांनी ते चित्र पुन्हा काढलं, सरकारच्या आरोग्य खात्यानेही वापरलं. मामांनीही ते काढलं आणि सोसायटीच्या लिफ्टमध्ये लावलं. दोन दिवसांत सेक्रेटरींची चिठ्ठी आली: लिफ्टमध्ये मासळीची जाहिरात करू नये.

मग मामांनी साकाइमिनातोचा बेत काढला. मिझुकी शिगेरू या चित्रकथाकाराचं ते गाव. युद्धात राबाउलला त्याचा डावा हात गेला. उरलेल्या हाताने तो पुढे जन्मभर भुतं काढत राहिला, 2015 मध्ये वारला. त्याच्या गावच्या रस्त्यावर भुतांचे 177 ब्राँझचे पुतळे बसवले आहेत. हे ऐकताना मामी पहिल्यांदाच गप्प बसल्या होत्या. मग त्यांनी विचारलं, "रस्ता केवढा आहे?"

"आठशे मीटर."

"जाऊन, की जाऊन-येऊन?"

बेत रद्द झाला. त्याऐवजी शेवटच्या दिवशी मी त्यांना यानाकातल्या झेन्शोआन देवळात नेलं. सान्युतेइ एन्चो हा एकोणिसाव्या शतकातला मोठा कथेकरी. भुताच्या गोष्टी रंगवून सांगण्यात त्याचा हात धरणारा नव्हता. त्याने जमवलेली भुतांची चित्रं या देवळात आहेत आणि ती ऑगस्टमध्ये लोकांना दाखवतात. भुतांचा हंगाम जपानात उन्हाळ्याचा. अंगावर काटा आला की गार वाटतं, हे त्यामागचं गणित, आणि त्या खोलीत ते मला पटलं.

रेशमावर पांढरी साडी नेसल्यासारख्या बायका. केस मोकळे, हात मनगटात लोंबते, आणि कमरेखाली रंग विरत विरत जाऊन नुसतं रेशीम. मामा कुजबुजत होते: मारुयामा ओक्यो, अठरावं शतक, भुताला पाय न काढायची रीत त्याच्याशी जोडतात, बघ ब्रश कुठे थांबलाय.

मामी एका चित्रापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत.

"आपल्याकडच्या हडळीला निदान उलटे तरी असतात," त्या हळूच म्हणाल्या. "हिला अजिबात नाहीत. सुटली."

"सुटली कसली? तिचा आत्मा तळमळतोय."

"तळमळेना. चल म्हणून तर कोणी मागे लागत नाही."

बाहेर ऊन मी म्हणत होतं. डोक्यावर विजेच्या तारांचं जाळं. पुण्यात याच तारांविरुद्ध मामांनी महापालिकेला चार अर्ज केले आहेत, इथे त्यांचे 60 फोटो घेतले होते. मामी देवळाबाहेरच्या ओट्यावर टेकल्या आणि पदराने वारा घेऊ लागल्या. मामांनी कॅमेरा काढला. डोळ्याला न लावता, छातीपाशी धरून बटण दाबलं.

फोटो हलला होता. चांगलाच हलला होता. वर तारा, खाली दगड, मध्ये मामींचा पांढरा धूर. हात कुठे संपतो आणि पदर कुठे सुरू होतो कळत नव्हतं. कमरेखाली तर काहीच नव्हतं, नुसता प्रकाश. मामा पडद्याकडे बघत राहिले. एकही जपानी शब्द बोलले नाहीत. 'मा' असावी ती.

"बघू," मामी म्हणाल्या. चष्मा वर केला, खाली केला. "पाय कुठेत माझे?"

"गेले," मामा भारावून म्हणाले. "पूर्ण गेले!"

"बरं झालं," मामी म्हणाल्या. "मग आता टॅक्सी बोलवा."

मामांनी मनातल्या मनात येनचे रुपये करायला घेतले. मी हात दाखवला. इथल्या टॅक्सीचं दार ड्रायव्हर आतूनच उघडतो, आपण हात लावायचा नसतो. दार आपोआप उघडलं, आणि मामांचा गुणाकार संपायच्या आत मामी तरंगत जाऊन आत बसल्या.