आलेखराव

‘कसे आहात?’ हा प्रश्न आलेखरावांना सहज म्हणून विचारू नये. ‘बरं चाललंय’ हे उत्तर त्यांना मोघम वाटतं. ते खिशातून फोन काढतात, पडदा दोन बोटांनी ताणतात आणि म्हणतात, “ही जूनपासूनची रक्तदाबाची रेघ. इथे सुळका दिसतोय ना? सोसायटीची वार्षिक सभा.”

आलेखराव हे नाव सोसायटीने ठेवलेलं. खरं आडनाव आता लेटरबॉक्सवर तेवढं उरलंय. नोकरी पाटबंधारे खात्यात. जन्मभर धरणांच्या पातळ्या नोंदवल्या आणि निवृत्तीनंतर नोंदवायला उरली ती गच्चीवरची टाकी. ती एकदा मांडून झाल्यावर मोर्चा घराकडे वळला.

फ्रिजवर चुंबकाने लावलेला एक वृत्तालेख आहे. विल्यम प्लेफेअरने १८०१ साली वृत्तालेख छापला तो तुर्की साम्राज्याची आशिया, युरोप, आफ्रिका अशी वाटणी दाखवायला. आलेखरावांच्या वृत्तालेखात महिन्याच्या भाज्या आहेत आणि त्यात दुधीचं साम्राज्य फार पसरलंय. “आज पुन्हा दुधी?” असं तोंडाने म्हटलं तर भांडण होतं, रंगीत पेन्सिलीने म्हटलं तर ते निरीक्षण ठरतं, असा त्यांचा समज. वहिनींनी त्या आलेखाखाली फक्त ‘बाजारात कोण जातं?’ एवढंच लिहिलंय.

नकाशांचा नाद त्याहून घातक. लंडनच्या डॉक्टर जॉन स्नोने १८५४ च्या पटकीत मृत्यू झालेली घरं नकाशावर मांडली आणि ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावर बोट ठेवलं, ही हकीगत आलेखराव कीर्तनकाराच्या तन्मयतेने सांगतात. त्याच धर्तीवर त्यांनी जिन्यातल्या पानाच्या पिचकाऱ्यांचा नकाशा केला. मजलावार, लाल ठिपक्यांत. ठिपके दाटत दाटत थेट सेक्रेटरींच्या दाराशी पोचले. लंडनमध्ये पंपाचा दांडा काढला होता; आमच्याकडे नोटीस बोर्डावरून नकाशा काढला.

माझ्या मते या घरातला खरा आलेख स्वयंपाकघरात खिळ्याला लटकतोय. वहिनींचं कालनिर्णय. दुधाच्या खाड्याला फुली, मावशींच्या खाड्याला गोल, भिशीच्या तारखेला चांदणी, सिलिंडर लावला त्या चौकोनात नुसता ‘सि’. ना अक्ष, ना प्रमाण. पण पहिल्या तारखेला दूधवाला त्यासमोर वाद घालत नाही.

दिवाळीच्या आधी आलेखरावांनी गॅसची उतरती रेघ पुढे वाढवून जाहीर केलं, “अजून नऊ दिवस.” वहिनींनी कालनिर्णयाचं एक पान मागे उलटलं, ओट्याखाली वाकल्या आणि म्हणाल्या, “अहो, दुसरा सिलिंडर बाहेर काढून ठेवा. चकल्या निम्म्यावर येतील आणि हा संपेल.”

चकल्या निम्म्यावर आल्या आणि शेगडीने मान टाकली. आलेखराव आपल्या रेघेकडे बघत राहिले.

“तुला कसं कळलं?”

“त्यात काय? उचलून बघितला. हलका लागला.”

“किती हलका?” आलेखरावांनी विचारलं आणि ते माळ्यावरचा वजनकाटा काढायला स्टुलावर चढले.